जीएम १ की जीएम ५?

एका मैत्रिणीला लेन्स बदलता येणारा छोटासा जुना कॅमेरा हवाय आणि पॅनासोनिकच्या या दोघांत तिचा जीव अडकलाय. अडकणारच, जीएम ५ नंतर ही मालिकाच थांबली.

आतून दोघं भावंडंच: १६ मेगापिक्सेलचा मायक्रो फोर थर्ड्स (लेन्स बदलता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांचं एक माप) सेन्सर, तीच इवलीशी बॅटरी. फोटोंत फरक शोधत बसू नये. वजनही बॅटरी-कार्डासह २०४ आणि २११ ग्रॅम.

फरक आहे तो डोळ्याला. २०१३ च्या जीएम १ ला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही. भर उन्हात स्क्रीनवर नीट दिसत नाही आणि चौकट अंदाजानेच धरावी लागते. २०१४ च्या जीएम ५ मध्ये तो आहे. बारीक आहे, चष्मा असेल तर कोपरे नीट दिसत नाहीत. पण कॅमेरा कपाळाला टेकला की हात स्थिर होतो, आणि दोघांच्याही बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) नसल्याने हे मला फार मोलाचं वाटतं. शिवाय त्याची सेटिंग बदलायची मागची चकती अंगठ्याखाली बरोबर येते.

फ्लॅशचं मात्र उलट: जीएम १ मध्ये तो आतच, जीएम ५ ला वरून लावायचा.

खिशात टाकून घरातले, संध्याकाळचे क्षण टिपायचे तर जीएम १ पुरे. उन्हातान्हात डोळा लावून फोटो काढणाऱ्याने थोडं थांबून जीएम ५ च शोधावा.