ब्युटी स्कूलची फी भरण्याआधी हे वाचा

ज्या ब्युटी स्कूलनं मला फसवलं, त्याच्या माहितीपत्रकावर ‘सिडेस्को’ या सौंदर्यक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं नाव ठळक छापलेलं होतं. डिप्लोमा आंतरराष्ट्रीय आहे, क्रूझवरच्या स्पामध्ये, मोठ्या हॉटेलांत कुठंही चालेल, असं मॅडमनी प्रवेशाच्या वेळी सांगितलं. कोर्स संपल्यावर हातात पडलं ते त्यांनीच छापलेलं प्रमाणपत्र. परीक्षेला बाहेरचं कुणीही आलं नव्हतं. जाब विचारला तर म्हणाल्या, ‘आमचा अभ्यासक्रम त्यांच्या धर्तीवर आहे.’

सिडेस्को ही १९४६ पासूनची संघटना. तिच्या मुख्य डिप्लोमासाठी तिच्याकडे नोंदलेल्या शाळेत किमान १२०० तासांचं प्रशिक्षण लागतं. आठवड्याचे सहा दिवस, रोज चार तास शिकलं तरी त्याला जवळपास वर्ष जातं. तीन महिन्यांत तो डिप्लोमा देऊ म्हणणारा सरळसरळ खोटं बोलतो.

त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे प्रॅक्टिकल. शाळेला लागून त्यांचंच सलून होतं. आम्ही मुली तिथं केस झाडायचो, टॉवेल धुवायचो, गिऱ्हाइकांचे हेअर वॉश करायचो. गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे घेतले जायचे आणि आम्ही मात्र फी भरून राबायचो. हेअर कलर शिकवला तो ट्यूब दाखवून. रंगात मिसळायच्या २० व्हॉल्यूमच्या (व्हॉल्यूम म्हणजे तीव्रता) डेव्हलपरमध्ये ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि ४० व्हॉल्यूममध्ये १२ टक्के, त्यामुळे तो टाळूला लागला तर भाजू शकतं, हे मला नंतर एका अनुभवी कलरिस्टकडून कळलं. पर्मनंट डायमधल्या पीपीडी या रसायनाची काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून ४८ तास आधी पॅच टेस्ट करतात, म्हणजे थोडी डाय कातडीवर लावून बघतात. हेही वर्गात कुणी सांगितलं नाही. माझ्या बरोबरीच्या एका मुलीनं पुढं एका गिऱ्हाईक बाईंना टेस्ट न करता तशीच डाय लावली आणि त्या बाईंच्या पापण्या सुजून डोळे मिटले. बदनामी मुलीची झाली, शाळेचं नाव कुठंच आलं नाही.

मग ‘ॲडव्हान्स’ कोर्सचा आग्रह सुरू झाला. बोटॉक्स, फिलर्स, फी वेगळी. इंजेक्शनं देणं हे वैद्यकीय काम आहे, ब्युटीशियनचं नव्हे. कृपया यात अडकू नका. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणजे त्यांच्याच सलूनमध्ये बिनपगारी ट्रेनी, नाहीतर कमिशनवर त्यांची क्रीमं विकणं.

हे क्षेत्र खरंच चांगलं आहे. कलरिस्ट, नेल टेक्निशियन, ब्रायडल किंवा नाटक-सिनेमाचा मेकअप, स्पा थेरपी, कंपन्यांत ट्रेनर, कितीतरी वाटा आहेत. पण प्रत्येक वाटेला खऱ्या माणसांवर केलेला सराव लागतो. म्हणून तास किती, मॉडेल किती, परीक्षक कोण, फी परतीचा नियम काय, हे लेखी मागा. शाळेचं नाव डिप्लोमा देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधा, तिला थेट ईमेल करा. शाळेनं दाखवलेल्या फ्रेममधल्या प्रमाणपत्रावर जाऊ नका.

मला फी परत मिळालेली नाही. पावती, माहितीपत्रक आणि मॅडमचे मेसेज जोडून मी ग्राहक तक्रार केली आहे, सिडेस्कोलाही कळवलं आहे. तुमच्याकडे असे कागद असतील तर फेकू नका, तक्रारीला तेच लागतात.