महाग ऑइल लांबवून, की साधं ऑइल वेळेवर?

सर्व्हिसिंगला गाडी लावली की काउंटरवर प्रश्न येतोच : इंजिन ऑइल मिनरल, म्हणजे साधं, टाकू की प्रक्रिया करून घडवलेलं फुल सिंथेटिक? सिंथेटिकचा भाव साधारण दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. मग गळी उतरवायला म्हणतात, "साहेब, एकदा हे टाका, पंधरा-वीस हजार किलोमीटर बघायला नको." बरेच जण पैसे मोजतात ते या वाक्यासाठी. म्हणून तुलना नुसती दोन डब्यांची करून भागत नाही. साधं ऑइल वेळेवर बदलणारा आणि भारी ऑइल टाकून निवांत झालेला, या दोघांची करायला हवी.

आधी ऑइल बिघडतं कसं ते पाहू. मूळ तेलात कंपनी बरंच काही मिसळते. काजळी धुणारी द्रव्यं असतात, ती काजळी तरंगती ठेवणारी असतात, धातूवर संरक्षक थर धरणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग असतं आणि आम्ल मारणारा अल्कलीचा साठाही असतो. काम करता करता हे सगळं खर्ची पडतं. दुसरीकडे पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू सतत खाली, ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये उतरतो. त्यात पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि काजळी असते. त्यातून आम्ल तयार होतं, ऑइल आधी पातळ पडतं आणि पुढे गाळ धरतं. गाळ ऑइल पंपाच्या जाळीत बसला की सगळ्यात वर असलेल्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) ऑइल उशिरा पोचतं. सकाळी सुरू करताना टॅपेटचा आवाज येऊ लागतो तो बऱ्याचदा यामुळे.

आता दोन्ही डबे शेजारी ठेवा. सिंथेटिकचे रेणू जास्त एकसारखे असतात, उष्णतेत ते लवकर मोडत नाहीत आणि थंडीत ऑइल तितकं घट्ट होत नाही. हा फायदा खरा आहे. पण रिंगांमधून उतरणारी घाण ऑइलचा भाव विचारून उतरत नाही. ती मिनरलमध्ये जितकी येते तितकीच सिंथेटिकमध्येही येते. सिंथेटिक ती जास्त दिवस झेलतं इतकंच. किती दिवस, हे गाडीचं मॅन्युअल सांगतं. डबा विकणाऱ्याच्या शब्दावर ते ठरवू नये.

थंडीच्या फायद्याचं आपल्याकडे जरा जास्तच कौतुक होतं. डब्यावर ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगणारा ग्रेड असतो, त्या ५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. ५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. महाबळेश्वरच्या कडाक्यातही त्यांपैकी एकाही आकड्याच्या जवळपास आपण जात नाही. पातळ ऑइल सुरुवातीच्या काही सेकंदांत लवकर वर चढतं, एवढा लाभ इथेही मिळतो. उष्णतेची गोष्ट मात्र वेगळी. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याचं बेअरिंग याच ऑइलवर तरंगतं. घाट चढून आल्याआल्या इंजिन बंद केलं की तिथलं ऑइल करपतं. टर्बो पेट्रोल असेल तर मिनरल की सिंथेटिक हा वादच मनातून काढून टाका आणि मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते भरा.

'फुल सिंथेटिक' या शब्दांवर फार विसंबू नये. १९९९ मध्ये अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यात यावरूनच वाद झाला होता. खनिज तेलावरच भरपूर प्रक्रिया करून बनवलेल्या मूळ तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निर्णय तिथल्या जाहिरात-तपासणी संस्थेने दिला. अशी तेलं उत्तम असतात, हेही खरं. तरी मी डब्याची पुढची बाजू सोडून मागची वाचतो. ग्रेड आणि एपीआय (अमेरिकी) किंवा एसीईए (युरोपीय) या संस्थांचा दर्जा तिथे असतो. सेमी-सिंथेटिकमध्ये, म्हणजे दोन्हींच्या मिश्रणात, तर सिंथेटिक किती टक्के हे बहुतेक डब्यांवर नसतंच, त्यामुळे त्यावर वेगळं लिहिण्यासारखं फारसं नाही.

पैशांचं गणित मांडून पाहू. समजा, इंजिनात साडेतीन लिटर बसतं आणि भाव लिटरला ४०० व ८०० रुपये आहेत. मिनरल दर ५,००० किलोमीटरला बदललं, तर १०,००० किलोमीटरमध्ये ऑइलचे २,८०० रुपये, शिवाय दोन फिल्टर आणि दोनदा मजुरी. सिंथेटिक १०,००० ला एकदा बदललं तरी ऑइलचे २,८०० च, फिल्टर आणि मजुरी मात्र एकदाच. म्हणजे भरपूर फिरणाऱ्याला वेळेवर बदललेलं सिंथेटिक महाग पडत नाही. ते २०,००० पर्यंत ताणलं तर तीनेक हजार वाचतात, पण पणाला इंजिनकाम लागतं आणि त्याचं बिल कितीतरी हजारांत जातं.

कमी फिरणाऱ्याचा हिशोब उलटा. पुण्यात घर ते ऑफिस चार किलोमीटर, वर्षाला जेमतेम तीन-चार हजार. त्याला वाटतं, दहा हजार व्हायला अजून दोन वर्षं आहेत. खरं तर या गाडीचं ऑइल मुंबई-कोल्हापूर करणाऱ्या गाडीपेक्षा जास्त हाल सोसतं. इंजिन पुरतं तापतच नाही, म्हणून पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. पावसाळ्यात झाकण उघडलं तर आतून पांढरट फेस दिसतो तो त्याचाच. सिग्नलला इंजिन घरघरत असतं तेव्हा मीटर पुढे सरकत नाही, ऑइल मात्र झिजत असतं. बहुतेक मॅन्युअलमध्ये 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं असतं. धूळ, ट्रॅफिक आणि छोट्या फेऱ्यांसाठी मुदत आणखी कमी, अनेकदा निम्मी. ते पान वाचताना आपल्याच शहराचं वर्णन वाचतोय असं वाटतं. अशा गाडीला मी सहा महिने, फार तर एक वर्ष, अशी तारीखच धरेन. जुनं, बिनटर्बोचं इंजिन असेल आणि मॅन्युअलला मिनरल चालत असेल, तर वर्षाच्या आत फेकायच्या ऑइलसाठी दुप्पट पैसे घालू नयेत.

रंगावरून मात्र काही ठरवू नका. डिझेलमध्ये ऑइल काही दिवसांतच काळं होतं, ते त्याचं कामच आहे. सीएनजीत काजळी कमी, त्यामुळे ते मधासारखं स्वच्छ दिसतं आणि आतून उष्णतेने म्हातारं झालेलं असतं. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष) डिझेलवाल्यांनी मोजायच्या पट्टीवर ऑइलची पातळी वाढली तर खूश होऊ नये. धुराचा फिल्टर साफ होताना ज्यादा मारलेलं डिझेल खाली उतरलेलं असतं, आणि तेव्हा ऑइल मुदतीआधी बदलावं लागतं. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, साधं डिझेल ऑइल नाही. फोर्डची जुनी इकोस्पोर्ट घेणाऱ्याने १ लिटर इकोबूस्ट इंजिन असेल तर ऑइलची बिलं जरूर मागावीत. त्या इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलातच भिजलेला असतो. चुकीच्या किंवा जुनाट ऑइलाने तो सुटू लागला की कण पंपाच्या जाळीत जातात.

राहिला प्रश्न कुठे बदलायचं. वॉरंटी चालू असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर बरं, ग्रेड आणि तारीख नोंदीला राहते. वॉरंटी संपल्यावर ओळखीचा मेकॅनिक स्वस्तात तेच काम करतो, फक्त सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगा, जुना फिल्टर काढून दाखवायला सांगा आणि बिलावर ग्रेड व किलोमीटर लिहून घ्या. रिकाम्या डब्याला निघण्याआधी भोक पाडायला लावा. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलतंच ऑइल भरून विकणारे त्या डब्यांची वाट बघत असतात.