तीन ऑईल फिल्टर, १५ महिने, आणि कापल्यावर आत काय निघालं

गाडी १.२ लिटर पेट्रोल. फिल्टर पत्र्याच्या डब्याचा, इंजिनला आडवा बसणारा, आटे एम २० गुणिले १.५, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचे, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर. निम्मा वापर कोल्हापूर शहरातला, राजारामपुरी ते शाहूपुरी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांचा. बाकी हायवे आणि महिन्यातून एखादा गगनबावड्याचा घाट. प्रत्येक फिल्टर ५,००० किलोमीटर चालवला, ऑईल तिन्ही वेळा एकाच ग्रेडचं. पहिला फिल्टर गाडीच्या कंपनीचा, दुसरा नावाजलेल्या फिल्टरवाल्यांचा बाजारातला, तिसरा काउंटरवर ‘तोच माल आहे’ म्हणून हातात ठेवतात तो.

निकाल आधीच सांगतो. दुसरा पहिल्याच्या तोडीचा निघाला. तिसरा पुन्हा लावणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्याच्या किमतीत फरक साठ रुपयांचा, आणि तो सगळा आतल्या मालात दिसतो.

गाडीवर असताना तिघांतला फरक एकाच वेळी कळला: सकाळच्या पहिल्या स्टार्टला. तिसरा फिल्टर साधारण ३,००० किलोमीटरनंतर ऑईलचा दिवा उशिरा विझवू लागला. दोन-तीन सेकंद वरून टकटक, मग शांत. दुपारी तासभर उभी करून चालू केली की काही आवाज नाही. फक्त रात्रभर उभ्या गाडीला हे होत असेल तर टॅपेटला, म्हणजे वरच्या व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांना, हात लावण्याआधी फिल्टरवर संशय घ्या. आडव्या फिल्टरमधलं ऑईल इंजिन बंद झाल्यावर मागे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीत, उतरू नये म्हणून तोंडाशी रबराची एक चकती असते. ती कडक झाली की फिल्टर रात्रीत रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी डबा भरावा लागतो. तेवढा वेळ बेअरिंग आणि कॅम जवळजवळ कोरडे फिरतात.

ऑईलच्या रंगावरून मात्र फिल्टर जोखू नका. ऑईल काळं करणारी काजळी इतकी बारीक असते की चांगल्या फिल्टरमधूनही ती आरपार जाते. ‘ऑईल लवकर काळं झालं, फिल्टर बोगस’ हे रोज ऐकू येतं, पण ते बरोबर नाही.

खरी पारख कापल्यावर. फिल्टर उतरवून रात्रभर तोंड खाली करून निथळत ठेवा. हॅकसॉ किंवा ग्राइंडर नको. त्याचा कीस कागदात पडतो आणि मग इंजिनचा कीस कुठला, करवतीचा कुठला हे कळत नाही. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडे लेथवर तोंडाजवळची कड कापून घेतली की डबा स्वच्छ उघडतो.

आधी रबर बघा. पहिल्या दोघांची चकती दुमडून सोडली की लगेच सरळ झाली. तिसऱ्याची दुमडली तशीच राहिली, नखाने दाबल्यावर कडेला चिरा दिसल्या. नारिंगी असते ती बहुधा सिलिकॉनची, काळी नायट्राइलची. सिलिकॉन उष्णतेत जास्त टिकतं, पण रंग कशालाही देता येतो. चकती दुमडून बघणं हीच खात्रीची रीत.

मग कागद. दुसऱ्यात ५६ घड्या, घडी १.२ सेंटिमीटर खोल, उंची ५ सेंटिमीटर. घडीला दोन बाजू, म्हणजे ५६ × २ × १.२ × ५ = ६७२ चौरस सेंटिमीटर. तिसऱ्यात घड्या ३४, मापं तीच, म्हणजे ४०८. बाहेरून डबा तेवढाच, आत कागद निम्म्याच्या थोडा वर. उरलेल्या जागेत घड्या एका बाजूला सरकलेल्या, सांध्यावरचा गोंद एका टोकाला सुटलेला. त्या फटीतून ऑईल न गाळताच पुढे जात होतं. नुसत्या जास्त घड्या म्हणजे चांगला फिल्टर असंही नाही, खेटून कोंबल्या तर त्या एकमेकींना चिकटतात आणि अर्धा कागद वायाच जातो. घड्यांमध्ये सारखं अंतर आणि दोन्ही टोकांना अखंड गोंद हवा.

बायपास व्हॉल्व्हला लोक विसरतात. कागद तुंबला किंवा थंड ऑईल घट्ट असलं की साधारण एक बारच्या फरकाला तो उघडतो, म्हणजे इंजिनला न गाळलेलं का होईना, ऑईल मिळतं. काडीने दाबल्यावर स्प्रिंगने ठामपणे विरोध करायला हवा आणि सोडल्यावर बैठक, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती जागा, पूर्ण बंद व्हायला हवी. तिसऱ्याची बैठक एका बाजूने उघडीच होती. यात वाईट हे की दिवा लागत नाही, आवाज येत नाही. गाळणं बंद पडलंय हे चालवणाऱ्याला कधीच कळत नाही.

कागद ब्लेडने कापून पसरा, उन्हात चमक शोधा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड. न चिकटणारी चंदेरी चमक ॲल्युमिनियमची किंवा बेअरिंगची असू शकते. ती भरपूर असेल तर प्रश्न फिल्टरचा राहत नाही, इंजिन उघडून बघावं लागतं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ खाल्लेल्या गाडीत बारीक मातीही मिळते. ती हवेच्या फिल्टरमधून आलेली असते. ऑईल फिल्टरला दोष देण्याआधी तो तपासा.

विकत घेताना डबा उघडता येत नाही, पण तोंड बघता येतं. आट्यात कीस नको. बाहेरची रबर रिंग खाचेत घट्ट बसलेली हवी. छिद्रातून काडीने आतली चकती हलकी उचला, सोडल्यावर ती परत टेकली पाहिजे. आट्यांची खात्री आवर्जून करा. मारुती, ह्युंदाई, होंडाच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना एम २० चालतो, तर टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना ३/४ इंच, इंचाला १६ आट्यांचा. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्यावर एम २० चा फिल्टर सैल चढतो आणि बसल्यासारखा वाटतो, पण प्रेशर आलं की निसटतो.

बसवताना जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक आल्या तर काही मिनिटांत चेंबर रिकामा होतो. नव्या रिंगला ऑईलचं बोट लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, पुढे पाऊण वेढा. पाना फक्त उतरवायला. इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून खाली कागद अंथरा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. नवा फिल्टर थोडं ऑईल पोटात घेतो, तेवढं वरून भरावं लागतं.