शॉकवेव्ह थेरपी : टाचेला लागू पडली, कोपराला नाही

शॉकवेव्ह थेरपीविषयी, म्हणजे दुखऱ्या जागेवर बाहेरून दाबलहरींचे ठोके देण्याच्या उपचाराविषयी, मत बनवायचे असेल, तर शेवटच्या सिटिंगनंतर निदान तीन महिने थांबावे. सिटिंग चालू असताना कोणी विचारले असते, तर फारसा फरक नाही एवढेच मी सांगू शकलो असतो. आज एक हिवाळा आणि एक उन्हाळा ओलांडल्यावर सांगण्यासारखे बरेच काही आहे. आमच्या घरात ही थेरपी दोघांनी घेतली. माझी उजवी टाच दुखत होती आणि सौभाग्यवतींचे उजवे कोपर. जळगावातील दवाखाना एकच, मशीन एकच, फिजिओथेरपिस्टही त्याच. निकाल मात्र दोन निघाले, आणि हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

मी अमळनेर परिसरातील एका माध्यमिक शाळेत शिकवतो. दिवसाचे पाच-सहा तास शहाबादी फरशीवर उभे राहणे हा या नोकरीचा भागच आहे. त्यात खान्देशातील अनेकांप्रमाणे चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाण्याचा आमचाही नेम. एका वर्षी गडावरून परतल्यावर टाच धरली ती सुटेना. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताच टाचेच्या आतल्या कडेला अशी कळ येई, की भिंत धरून मोरीपर्यंत जावे लागे. थोडे चालल्यावर पाय मोकळा होई, आणि शाळेत दुपारच्या सुट्टीनंतर खुर्चीवरून उठताना तोच प्रकार पुन्हा. सकाळची पहिली पावले सर्वांत वाईट असणे ही प्लांटर फॅसायटिसची ओळखीची खूण आहे. टाचेच्या हाडापासून बोटांकडे जाणारा तळपायाचा जो जाड पट्टा असतो, त्याच्या हाडाजवळील टोकाला हे दुखणे होते. आजार जुना झाला की तिथे सूज कमी आणि तंतूंची झीज जास्त असते, म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग तात्पुरता होतो.

एक्स-रे काढला की बहुतेकांना ‘हाड वाढलंय’ असे सांगितले जाते आणि माणूस घाबरतो. ज्यांची टाच कधीही दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही हाडाचे ते वाढलेले टोक दिसते. त्यामुळे त्याच्यावर सगळे खापर फोडण्यात अर्थ नाही. तापलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून टाच शेकणे, सिलिकॉनची गादी, दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या, शेवटी स्टेरॉइडचे इंजेक्शन, हे सगळे करून झाले होते. इंजेक्शनने काही आठवडे उत्तम गेले आणि मग दुखणे पूर्ववत झाले. पुन्हा इंजेक्शन घेतल्यास तो पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले आणि शॉकवेव्हचा पर्याय सुचवला. मात्र इंजेक्शननंतर निदान सहा आठवडे जाऊ द्या, अशी अट घातली.

या उपचाराचे मूळ मुतखड्याच्या उपचारात आहे. आमच्या भागातील उन्हाळ्यामुळे मुतखडा हा घरोघरी ओळखीचा विषय, त्यामुळे शरीराबाहेरून लहरी सोडून खडा फोडतात हे अनेकांनी ऐकलेले असते. डॉर्नियर या जर्मन विमान कंपनीत, अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळून धातूची हानी कशी होते याचा अभ्यास चालू होता; त्यातून हे तंत्र पुढे आले आणि 1980 साली म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाचा मुतखडा अशा रीतीने फोडण्यात आला. त्यानंतर हाडे आणि स्नायुबंध यांच्यासाठी कमी ताकदीच्या लहरी वापरून पाहण्यात आल्या. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2000 साली टाचदुखीसाठी आणि 2003 साली टेनिस एल्बोसाठी (कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे) अशा मशीनला मान्यता दिली. इथे काहीही फोडायचे नसते. लहरींच्या धक्क्याने जुनाट झालेल्या जागी दुरुस्तीचे काम पुन्हा सुरू व्हावे, नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या याव्यात आणि वेदना पोहोचवणाऱ्या नसांच्या टोकांची संवेदना कमी व्हावी, अशी त्यामागची मांडणी आहे. शरीरात विजेचा प्रवाह सोडला जात नाही, हेही इथेच सांगतो, कारण आमच्या सासूबाई शेवटपर्यंत त्याच काळजीत होत्या.

दवाखान्याच्या पाटीवर एकच नाव असले, तरी आत दोन वेगळ्या जातीची यंत्रे असू शकतात. ‘फोकस्ड’ प्रकारात लहर शरीरात ठरावीक खोलीवर एकवटते. ‘रेडियल’ प्रकारात कॉम्प्रेसरच्या हवेने हँडपीसमधील धातूची गोळी पुढे फेकली जाते, ती टोकावर आदळते आणि तो दाब त्वचेपासून आत पसरत जातो. त्याचा जोर त्वचेजवळ सर्वाधिक असतो आणि खोल जाताना ओसरतो. पदार्थविज्ञानाच्या काटेकोर अर्थाने या दुसऱ्या प्रकाराला शॉकवेव्ह म्हणताच येत नाही, ती केवळ दाबाची लहर आहे. टाच किंवा कोपर यांसारख्या वरच्यावर असलेल्या जागांसाठी रेडियल चालते. खांद्याच्या स्नायुबंधात खोलवर कॅल्शियम साचले असेल तर फोकस्ड यंत्राची बाजू बळकट आहे. आमच्याकडे होते ते रेडियल. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला तेव्हा थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, “सर, हे विचारणारे तुम्ही पहिलेच.” पैसे मोजणाऱ्याने हे विचारू नये, याचेच मला नवल वाटते.

सिटिंग म्हणजे नेमके काय, ते सांगतो. कॉटवर पालथे झोपायचे, पाय कॉटच्या कडेबाहेर. मॅडम अंगठ्याने टाच दाबत दाबत सर्वांत दुखणारी जागा शोधतात, “इथेच ना?” असे दोनदा विचारून पेनाने खूण करतात आणि तिच्यावर जेल लावतात. मग कॉम्प्रेसरची घरघर सुरू होते आणि हँडपीस टेकताच टकटक टकटक असा आवाज. आरंभी दाब दीड बारच्या आसपास ठेवतात आणि सोसवेल तसा वाढवत नेतात. सेकंदाला दहा ठोके या गतीने दोन हजार ठोके म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आतला खेळ, पण पहिल्या सिटिंगचे पहिले मिनिट फार लांब वाटते. त्यानंतर ती जागा काहीशी बधिर होते आणि दाब वाढवला तरी सहन होतो. बधिर करण्याचे इंजेक्शन आधी देत नाहीत. दुखरी जागा रुग्णाच्या सांगण्यावरूनच सापडत असते आणि जागा बधिर केल्यास परिणाम उणावतो, असे अभ्यासांतही दिसले आहे. एकदा मध्येच वीज गेली आणि कॉम्प्रेसर थांबला. इन्व्हर्टरवर तो चालत नसल्यामुळे तळव्याला जेल लावलेल्या अवस्थेत अर्धा तास पडून राहावे लागले. भारनियमनाच्या दिवसांत वेळ घेण्याआधी फोन करणे बरे.

सामान्यतः आठवड्याला एक, अशी तीन ते पाच सिटिंग असतात. प्रत्येक सिटिंगनंतर दोन दिवस टाच अधिक ठणकते, हे मला आधी सांगण्यात आले होते म्हणून निभावले. त्या काळात सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, अगदीच असह्य झाले तर पॅरासिटामॉल घ्यावे, अशी सूचना होती. जी दुरुस्ती चाळवायची तीच त्या गोळ्या दाबतील, असे त्यामागचे कारण. धावणे, उड्या मारणे दोन दिवस बंद. बाहेर प्रतीक्षेत बसलेली मंडळी एकमेकांना “आते कसं शे?” (आता कसं आहे?) असे विचारत, आणि चालू सिटिंगमध्ये बहुतेकांचे उत्तर ‘आहे तसेच’ असे असे. माझेही तसेच होते. शेवटचे सिटिंग संपल्यावर महिनाभराने, केव्हा ते नेमके सांगता येणार नाही, पण भिंत न धरता मोरीपर्यंत गेल्याचे ध्यानात आले. तिसऱ्या महिन्यापर्यंत फरक वाढत राहिला. आता लांबचा प्रवास पॅसेंजर गाडीत उभ्याने झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टाच किंचित जखडते, त्यापलीकडे काही नाही.

या सुधारणेचे सगळे श्रेय मशीनला द्यायला मी तयार नाही. सिटिंगबरोबर एक व्यायाम नेमून दिला होता आणि तो मी आजही करतो. पायरीच्या कडेवर पुढचा चवडा टेकवायचा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे बोटे वर वळून तळव्याचा पट्टा ताणला जातो, आणि मग तीन सेकंद घेत टाच वर, दोन सेकंद थांबून तीन सेकंदांत खाली. हे दिवसाआड करायचे. पुढे पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घेऊन वजन वाढवायचे. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या व्यायामाचा फायदा तीन महिन्यांच्या टप्प्यावर केवळ ताणण्याच्या व्यायामापेक्षा अधिक दिसला होता. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे काळ हाही या आजारावरचा मोठा वैद्य आहे. माझा हिशेब असा की मशीनमुळे दुखणे इतके खाली आले की व्यायाम नेटाने करता आला, आणि पाय टिकला तो व्यायामाने. त्याच दवाखान्यात सिटिंग पूर्ण करून व्यायाम सोडून दिलेले दोघे ओळखीचे आहेत आणि दोघांचीही टाच पुन्हा दुखते आहे; दोन माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य.

आता कोपराविषयी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. सैल कणकेची पोळी दोन्ही हातांवर फिरवत, कोपरापर्यंत झेलत मोठी करायची आणि तापलेल्या खापरावर टाकायची, हे काम तासन्‌तास चालते. सौभाग्यवतींचे कोपर त्याच सणाला धरले. बाहेरच्या बाजूच्या हाडाजवळ बोट ठेवले तरी कळ, पातेले उचलताना पकड सुटणे, कपडे पिळता न येणे. निदान टेनिस एल्बो. माझा अनुभव पाहून त्यांनीही शॉकवेव्ह घेतली. कोपराच्या त्या जागी हाडावर मांस जवळपास नसतेच, त्यामुळे कमी दाबालाही त्यांना ते असह्य होई. एकदा रुपयाएवढा काळानिळा डाग पडला, तो आठवड्यात गेला. ठरलेली सिटिंग त्यांनी जिद्दीने पूर्ण केली, चार महिने वाट पाहिली, आणि फरक शून्य.

त्यानंतर मी वाचले ते आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. कोपराच्या दुखण्यावर शॉकवेव्हचा फायदा अत्यल्प किंवा नाहीच, असा निष्कर्ष अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2005 सालच्या कॉक्रेन समीक्षेत नोंदवलेला आहे. नंतरच्या काही अभ्यासांत चित्र थोडे बरे दिसते, पण एकमत नाही. टाचेचीही बाजू अगदी निर्विवाद नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2009 साली टाचदुखीवरील मार्गदर्शनात हा उपचार सुरक्षित दिसतो, पण परिणामाचे पुरावे परस्परविसंगत आहेत, असे म्हटले होते. सौभाग्यवतींना अखेर आराम पडू लागला तो पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून मनगट हळूहळू खाली सोडण्याच्या व्यायामाने, कोपराखाली बांधायच्या पट्ट्याने, आणि यंदाच्या आखाजीला पोळ्यांचे काम धाकट्या जावेकडे गेल्यामुळे. यातील तिसरे कारण सर्वांत प्रभावी असावे, अशी मला दाट शंका आहे.

खर्चाचे म्हणाल तर एका सिटिंगला हजाराच्या आतबाहेर पडले. दाखल व्हावे लागत नसल्यामुळे आमच्या मेडिक्लेममध्ये ते बसले नाही. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे टाचेला हात न लावता, एक्स-रे उजेडाकडे धरून थेट दहा सिटिंगचे पॅकेज पुढे करण्यात आले आणि ‘आज भरले तर सवलत’ असेही सांगण्यात आले. तिथून आम्ही परतलो. तीन ते पाच सिटिंगमध्ये भागणाऱ्या उपचारासाठी दहांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे निदानाला किती वेळ असेल, हे उघड आहे.

सर्वांना हा उपचार चालत नाही. गरोदरपणात, उपचाराच्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असल्यास, रक्त गोठण्याचा विकार असल्यास तो टाळतात. वाढीच्या वयातील मुलांच्या हाडांच्या टोकांवर आणि फुप्फुसावर येईल अशा जागी लहरी देत नाहीत. पेसमेकर असल्यास आधी सांगावे लागते. आमच्या शेजारच्या काकांची टाच माझ्यापेक्षा जुनी, पण ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात. ती चार दिवस बंद ठेवून सिटिंग उरकून घ्यावे, असा सल्ला त्यांना कट्ट्यावर मिळाला होता. हृदयरोगतज्ज्ञांनी त्याला साफ नकार दिला. थेरपिस्ट मॅडमनीही त्यांच्याकडून एक रुपया न घेता टॉवेलचा तो व्यायाम तेवढा शिकवला, आणि सध्या आम्ही दोघे संध्याकाळी आमच्याच ओट्याच्या पायरीवर तो करतो.