न उघडलेल्या इंजिनाचे ५०,८०० रुपये

एप्रिल-मे २०२५ मध्ये मी पुण्याच्या एका उपनगरातील गॅरेजवाल्याला तीन हप्त्यांत ५०,८०० रुपये दिले, आणि ज्या दुखण्यासाठी ते दिले ते दुखणे गाडीसोबत जसेच्या तसे साताऱ्याला परत आले. मी पस्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आहे. पाण्याचा उत्कलनांक, दाब आणि उष्णतेचे वहन हे धडे मी दरवर्षी फळ्यावर आकृत्या काढून समजावले आहेत. म्हणूनच हे लिहिताना पैशांपेक्षा लाजच जास्त वाटते. तरीही लिहितो आहे, कारण अशा जुन्या फोर बाय फोर गाड्या बाळगणारे बहुतेक लोक माझ्यासारखेच हौशी, गाडीवर जीव असलेले आणि ‘स्पेशालिस्ट’ या शब्दाला भुलणारे असतात, आणि हे अशा गॅरेजवाल्यांना पक्के ठाऊक आहे.

गाडी २००३ ची मारुती जिप्सी किंग आहे, १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन असलेली. पंधरा वर्षे झाल्यावर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मी तिची पुनर्नोंदणी करून घेतली. जावळी तालुक्यात मेढ्याच्या वर आमची थोडी शेती आहे. जूनमध्ये पाऊस लागला की तिथला शेवटचा दीड किलोमीटर रस्ता चिखलात जातो आणि मग जिप्सीशिवाय दुसरे काही तिथवर पोहोचत नाही. गाडी पावसाआधी बरी करून घेण्याची घाई मला होती ती यासाठी. ‘इथेच कुणाला का नाही दाखवली’ असे आता जे विचारतात, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की आमच्याकडच्या दोन गॅरेजांनी ‘या गाडीचे पार्ट मिळत नाहीत’ म्हणून मला हात जोडले होते.

दुखणे असे होते की केळघरच्या घाटात एसटीच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढू लागली की टेम्परेचरचा काटा वर सरकायचा, लालच्या जवळ जायचा, आणि सपाटीला लागून गाडीने पन्नास-साठचा वेग धरला की पाच मिनिटांत आपोआप खाली यायचा. निदानाचे निम्मे काम या एका वाक्यातच होऊन जाते. वेगात असताना गाडी थंड राहते, कारण रेडिएटरवर समोरून वारा येतो. हळू चालताना तापते, कारण त्या वेळी वारा ओढण्याचे काम पंख्याचे असते आणि पंखा ते करत नसतो. याउलट रेडिएटर आतून चोंदलेला असेल किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी) गेले असेल, तर गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात आणि लोड असतानाही तापते. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला हे कळत नव्हते असे नाही. माहीत असलेले विचारात घ्यावे एवढे भान राहिले नाही.

२१ एप्रिलला मी स्वतः गाडी चालवत पुण्याला नेली. महामार्गावर शंभर किलोमीटर काटा निम्म्याच्या वर गेला नाही. नवले पुलाजवळच्या कोंडीत वीस मिनिटे अडकलो तेव्हा मात्र तो चढला. गॅरेजच्या अंगणात चार-पाच जिप्सी आणि दोन जुन्या महिंद्रा उभ्या होत्या. मालकाने मला ‘सर’ म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपण कोरेगाव तालुक्यातलेच असल्याचे सांगितले. गाववाला भेटला की आपण निम्मे सैल होतो. (कोरेगावच्या कोणत्या गावचे, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.)

आता तो क्षण सांगतो, जो मला अजून रात्री आठवतो. त्याने बॉनेट उघडले, इंजिन बंद करायला सांगितले आणि पंख्याच्या पात्याला बोटाने हलकी टिचकी मारली. इंजिन नुकतेच कोंडीतून आलेले, बॉनेटखालून झळा येत होत्या, आणि तो पंखा घरातल्या छताच्या पंख्यासारखा गुळगुळीत, आवाज न करता पाच-सहा फेरे फिरत राहिला. आणि मी, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, कौतुकाने म्हणालो, ‘वा, बावीस वर्षांनीही बेअरिंग किती मोकळे आहे!’ तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला आणि मग हसला. त्या हसण्याचा अर्थ मला पंधरा दिवसांनी कळला. गिऱ्हाइकाला काही कळत नाही, हे त्याला त्याच क्षणी कळले होते.

पंख्याच्या मधोमध एक चपटी डबी असते, तिला फॅन क्लच म्हणतात. तिच्यात सिलिकॉनचे दाट तेल असते आणि पुढच्या तोंडावर दोन धातूंची पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, तेलाला वाट मिळते आणि पंखा इंजिनाशी जखडला जाऊन जोरात वारा ओढू लागतो. तेल गळून गेले की पंखा नुसता शोभेला फिरतो. म्हणून तापलेले इंजिन बंद केल्यावर टिचकी मारलेला पंखा जागीच अडखळला पाहिजे. तुमचा पंखा फिरत राहिला तर गॅरेजवाल्याला दुसरे काहीही उघडू देऊ नका. चालू इंजिनात मात्र पंख्याच्या जवळ हात, कापड किंवा कागदाची गुंडाळी कधीच नेऊ नये.

पुढे त्याने तासाभराने रेडिएटरचे झाकण काढले, पाणी ओतले, इंजिन चालू करून रेस दिली आणि बुडबुडे दाखवले. ‘सर, गॅस्केट उडालंय, हेडला क्रॅक असणार.’ नव्याने पाणी भरल्यावर आत अडकलेली हवा बाहेर येताना बुडबुडे येणारच. शंका घ्यायची तर रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनात, पाणी पूर्ण भरून हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नसतील तेव्हा घ्यायची. आणि खात्री करायची तर रेडिएटरच्या तोंडावर लावायची निळ्या द्रावाची चाचणी असते, ज्वलनातला वायू पाण्यात येत असेल तर तो द्राव पिवळा पडतो. मी ती चाचणी मागितली नाही. मी २०,००० रुपये यूपीआयने पाठवले आणि एसटीने घरी आलो.

चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका भेगाळलेल्या हेडचे छायाचित्र आले आणि मागोमाग फोन आला की हेड फेसिंगला (तोंड घासून सपाट करायला) गेले तरी टिकणार नाही, नवीनच घ्यावे लागेल. मी आणखी १५,००० पाठवले. त्या छायाचित्रात हेड उलटे ठेवलेले होते आणि त्यातले व्हॉल्व्ह मोजता येत होते: आठ. माझ्या गाडीचे इंजिन सोळा व्हॉल्व्हचे आहे. आठ व्हॉल्व्हचे हेड कार्ब्युरेटरवाल्या जुन्या जिप्सी किंगचे असते. ते छायाचित्र मी मित्रांना दाखवले, सौभाग्यवतींना दाखवले, मोठे करून भेगेवर बोट ठेवून समजावलेसुद्धा. भेगेशेजारचे व्हॉल्व्ह मात्र मोजावेसे वाटले नाहीत. असे छायाचित्र आल्यावर पैसे पाठवण्याआधी निदान एक रात्र जाऊ द्या आणि छायाचित्रात आपल्या गाडीचा नंबर दिसत नसेल तर ते आपल्या गाडीचे मानू नका.

५ मे रोजी गाडी घ्यायला गेलो तेव्हा उरलेले १५,८०० रोख मोजून घेतले गेले. वहीच्या कागदावर लिहिलेला हिशेब असा होता: हेड १८,५००, गॅस्केट किट ४,२००, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) २,९००, रेडिएटर ९,४००, कूलंट आणि ऑइल ३,८००, मजुरी १२,०००. पक्के बिल मागितले तर, ‘सर, अठरा टक्के वर जातील, तुमचंच नुकसान आहे.’ जुने सुटे भाग मागितले तर, ‘पोरं दुपारीच भंगारात टाकून आली.’ या दोन वाक्यांवर मी गप्प बसलो, आणि पुढे प्रत्येक सरकारी टेबलावर ही दोन वाक्येच आडवी आली. पक्के बिल आणि काढलेले भाग, या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका; अठरा टक्के गेले तर गेले.

परतताना काटा अगदी तळाशी होता आणि मी खूश होतो. भर दुपारी खंबाटकीचा घाट लागला, पुढे कंटेनर होता, मी दुसऱ्या गिअरमध्ये. निम्म्या घाटात काटा लालमध्ये गेला. काचा खाली करून हीटर पूर्ण सोडला, कारण त्याने इंजिनातली थोडी उष्णता आत ओढली जाते, आणि मे महिन्याच्या त्या उन्हात घामाघूम होत कडेला गाडी घेतली. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतून वाफेचा फुसफुस आवाज येत होता. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की एअर लॉक झाला असेल (पाण्याच्या वाटेत हवा अडकली असेल), पुन्हा घेऊन या, आठ हजारांत करून देऊ. त्यानंतर फोन उचलला गेला नाही.

निदान अखेर मेढ्यातल्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी केले. त्यांनी गरम इंजिन बंद करून तीच टिचकी मारली आणि विचारले, ‘सर, पुण्यात पंख्याला कुणी बोटच लावलं नाही का?’ मी काही बोललो नाही. मग त्यांनी थर्मोस्टॅटचे, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचे, घर उघडले. आत थर्मोस्टॅटच नव्हता. काटा तळाशी का होता ते तेव्हा कळले: पाणी अखंड फिरत होते, इंजिन सपाटीवर धड तापतच नव्हते आणि पेट्रोल मात्र जास्त जळत होते. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ असे सांगणारा मिस्त्री भेटला तर गाडी तशीच वळवून घरी आणा.

नंतर त्यांनी टॉर्च घेऊन मला खाली वाकवले. एक्झॉस्ट जिथे सायलेन्सरच्या पाइपला जोडलेला असतो तिथले नट गंजून एकजीव झालेले होते, त्यांच्या कडांवर पान्याचा एक ओरखडा नव्हता. हेड आणि ब्लॉक यांच्यामधून दिसणारी गॅस्केटची कड तेलकट मळाने काळी होती. टायमिंग बेल्टच्या कव्हरचे स्क्रू धुळीत बुजलेले होते. हा जोड, बेल्ट आणि स्क्रू सोडवल्याशिवाय या इंजिनाचे हेड निघूच शकत नाही. म्हणजे हेड बदललेले नव्हते. हेड उघडलेलेच नव्हते. रेडिएटर मात्र खरोखर बदलला होता. माझा तांब्या-पितळेचा, वरच्या टाकीवर आधीच्या मालकाने पंचने ‘७’ ठोकलेला रेडिएटर गेला होता आणि त्याच्या जागी खालच्या टाकीला डाग दिलेला, काळा स्प्रे मारलेला दुसराच कुणाचा तरी बसला होता. तांबे किलोवर विकले जाते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

फॅन क्लच ३,२०० रुपये, थर्मोस्टॅट ६५०, रेडिएटरचे झाकण २८०, मजुरी ५००. एकूण ४,६३० रुपयांत गाडी बरी झाली. झाकणाचे रबर कडक झाले होते म्हणून तेही बदलले. या झाकणाला क्षुल्लक समजू नका: महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, पण ०.९ चा (म्हणजे ०.९ बार दाबाचा) शिक्का असलेले चांगले झाकण दाब धरून ठेवते तेव्हा ते ११५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. हे उदाहरण मी वर्गात कुकरच्या शिट्टीवरून शिकवत असे.

आता कार्यालयांचे. पुण्यातल्या एका चौकीत मला सांगितले गेले की हा दिवाणी मामला आहे. मी म्हटले, न केलेल्या कामाचे छायाचित्र दाखवून पैसे घेणे ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. तेव्हा समोरच्याने ‘तुम्ही वकील आहात का?’ असे विचारले आणि साताऱ्यात तक्रार द्यायला सांगितले. साताऱ्यात पुण्याला जायला सांगितले. गुन्हा कुठेही घडला तरी खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेले आहे. मी त्या पानाची छायाप्रत सोबत नेली होती, ती त्यांनी आदराने परत केली. दोन ठिकाणी मिळून मी पाच वेळा बाकावर बसलो आणि हाती आला तो अर्जावर पोच म्हणून मारलेला एक पुसट शिक्का. परिवहन कार्यालयात कळले की गाडीच्या टायरपासून नंबरपट्टीपर्यंत सगळे त्यांच्या अखत्यारीत येते, गॅरेज तेवढे येत नाही. तक्रार नोंदवण्याच्या एका दूरध्वनी सेवेने क्रमांक दिला आणि एकोणीस दिवसांनी संदेश पाठवला की समोरच्याने प्रतिसाद न दिल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. प्रतिसाद देत नाही हीच तर माझी तक्रार होती!

जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. बिल न देणे हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते, तेव्हा ‘बिल नाही म्हणून काही होणार नाही’ या धमकीला घाबरू नका. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपची छायाचित्रे, वहीचा तो कागद आणि मेढ्याच्या मिस्त्रींनी सही करून दिलेले निवेदन, गंजलेल्या नटांच्या छायाचित्रांसह, मी जोडले आहे. रोख दिलेल्या १५,८०० ला त्या कागदाखेरीज पुरावा नाही आणि त्यावर त्याची सही नाही. ती चूक सर्वस्वी माझी.

तक्रारीआधी मी नोंदणीकृत टपालाने त्याला पत्र पाठवून माझे जुने हेड आणि जुना रेडिएटर परत मागितला होता. वकील मित्राला हे निरर्थक वाटले होते. महिनाभर फोन न उचलणाऱ्या त्या माणसाने यावर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दिले: ‘सर, जुनं हेड आणि रेडिएटर दोन्ही भंगारात गेलं, आता कुठून आणून देऊ?’ ते हेड या क्षणी माझ्या अंगणात, जिप्सीच्या बॉनेटखाली, २००३ साली बसवले तिथेच आहे.