मागावर 12 तास उभं राहणाऱ्या पायांसाठी आर्च सपोर्टचे इनसोल: आठ महिने वापरल्यानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी माग चालवतो. 12 तासांची पाळी, पायाखाली कोबा. बसायला मिळतं ते फक्त जेवणाच्या सुट्टीत. गेल्या उन्हाळ्यात डाव्या तळपायाची कमान दुखायला लागली. सकाळी उठून पाय टेकवला की टाचेपासून कमानीपर्यंत कळ जायची. दहा-वीस पावलांनी ती ओसरायची आणि पाळी सुटता सुटता पुन्हा यायची.

आधी 150 रुपयांच्या सिलिकॉनच्या मऊ गाद्या घेतल्या. पंधरवड्यात चपट्या झाल्या. मऊ तेवढं चांगलं, ही माझी समजूतच चुकीची होती. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा जाड पट्टा कमान धरून ठेवतो आणि सततच्या ताणाने तो टाचेपाशी दुखावतो, हे हाडांच्या डॉक्टरांनी समजावलं. त्याला खालून टेकू हवा, आर्च सपोर्ट म्हणतात तो हाच. अंगठ्याने दाबल्यावर ज्याची कमान खाली बसते, तो इनसोल, म्हणजे बुटात घालायची गादी, घेऊ नका.

ऑगस्टमध्ये नवी पेठेतून 850 रुपयांची कडक कमानीची जोडी आणली. तोवर मी कारखान्यात स्लीपरवरच जायचो, त्यामुळे बूटही घ्यावे लागले. हा खर्च धरूनच चला. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही हातांनी पिळून बघा. मधोमध फडक्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्या, बूट वाकायला हवा तो बोटांपाशी. आतली मूळची गादी काढूनच इनसोल घाला, नाहीतर टाच वर येते आणि बूट चावतो.

पहिल्याच दिवशी मी पूर्ण पाळी घातले. कमानीखाली खडा ठेवल्यासारखं वाटत होतं आणि रात्री चांगल्या उजव्या पायाचा गुडघाही धरला. मग रोज दोन तासांपासून वाढवत गेलो. सवय व्हायला तीन आठवडे लागले.

दुसऱ्या महिन्यात संध्याकाळचं दुखणं निम्म्यावर आलं, पण सकाळची कळ हलेना. ती गेली टॉवेलने, आम्ही विणतो त्याच टॉवेलने. अंथरुणातच गुडघा सरळ ठेवून टॉवेल चवड्यामागून घ्यायचा आणि बोटं आपल्याकडे ओढून 30 सेकंद धरायची, असं तीनदा. मगच पाय खाली. पाळीवरून आल्यावर भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणतो आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटं फिरवतो. पोटरी आखडलेली असली की पट्ट्यावर जास्त ओढ येते, म्हणून पोटऱ्या ताणणं मी कधी चुकवत नाही.

घरात शहाबादी फरशी आणि आम्ही सगळे अनवाणी. आईला घरात चप्पल चालत नाही. शेवटी कधीच उंबऱ्याबाहेर न जाणारी कोरी जोडी आणली, तेव्हा तिने मानलं. या एका बदलाचा फायदा मला इनसोलइतकाच झाला.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या वेळी, यण्णीमज्जनाला (लिंगांच्या तैलाभिषेकाला) नंदीध्वजांबरोबर (मानाच्या उंच काठ्यांबरोबर) शहराभोवतीच्या 68 लिंगांची वाट अनवाणी चाललो. नंतर चार दिवस कळ परत आली. पुढच्या वर्षीही अनवाणीच चालणार, सिद्धरामेश्वरांच्या वाटेवर बूट घालवणार नाहीत. आधीचा महिनाभर ताण देणं मात्र चुकवणार नाही.

तक्रारी दोन. घामाने वास येतो आणि सहाव्या महिन्यात टाचेपाशी वरचं कापड सुटलं. धुऊन सावलीतच वाळवा, आपल्याकडच्या उन्हात फोम वाकडा होतो.

शुगर असेल तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा. आमच्या पाळीतल्या एका मामांना इनसोलने फोड आला आणि दोन दिवस त्यांना कळलंच नाही.

एप्रिलमध्ये कमान दबल्यासारखी वाटली म्हणून त्याच दुकानातून त्याच मापाची दुसरी जोडी आणली. ही पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी चालली.