१०×५० दुर्बीण (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची), दोन वर्षं वापरून झाल्यावर

घेतली होती चंद्र बघायला, पण पैसे खरे वसूल झाले नोव्हेंबर २०२३ मध्ये. जास्मिन मोगबेली आणि लोरल ओ'हारा या नासाच्या अंतराळवीर स्पेस स्टेशनच्या बाहेर काम करत होत्या तेव्हा त्यांची टूल बॅग सुटली ती सुटलीच. आपल्याला वाटतं सुटली म्हणजे खाली पडली, पण कसलं काय, तीपण स्टेशनसारखीच ताशी २८ हजार किमीच्या आसपास पृथ्वीभोवती फिरत बसली.

आणि गंमत अशी की मागे नाही राहिली, पुढे पळाली! तिथे हवा अगदी विरळ असते पण असते, हलक्या बॅगला ती जास्त अडवते, मग बॅग जरा खाली येते आणि खालची फेरी छोटी म्हणून लवकर संपते. ब्रेक लागला की गाडी पुढे, मला हे पचायला दोन दिवस लागले. त्यामुळे स्टेशन उगवायच्या काही मिनिटं आधीच त्याच वाटेवर दुर्बीण लावून बसायचं.

बॅगची चमक साधारण सहाव्या प्रतीची, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ नाहीच. पहिल्या दोन्ही वेळा हात इतका थरथरला की सगळे तारेच नाचत होते, तिसऱ्यांदा दोन्ही कोपरं कठड्यावर टेकवली आणि दिसली, एक बारीक ठिपका शांतपणे सरकत गेला, दहा सेकंद फार तर. मी ओरडलेच.

आता तक्रारी. उजव्या डोळ्याची फोकसची रिंग सैल आहे, गळ्यात अडकवून चाललं तरी फिरते. भिंगांची टोपणं तर नुसती ठेवल्यासारखी, त्याच रात्री एक अंधारात पडलं. बॅग त्यांची, टोपण माझं. कंपनीला कळवलं तर म्हणे टोपण वॉरंटीत येत नाही.

ट्रायपॉड असेल तर सोबत ॲडॅप्टर घ्याच, हातात धरून असल्या वस्तू शोधणं म्हणजे वैताग.

२००८ साली अंतराळवीर हायडमेरी स्टेफनिशिन-पायपर यांचीही बॅग अशीच गेली होती, आत ग्रीस सांडलं ते पुसता पुसता. ती पुढच्या ऑगस्टमध्ये वातावरणात जळाली, ही जुलै २०२४ मध्ये. टोपण अजून बेपत्ता आहे. चार स्टार.